एका घराच्या चार किमती

गेल्या महिन्यात सदराच्या शेवटी मी सहज लिहिलं होतं, की घटस्फोटातल्या घराची किंमत काढायला जाताना मी टेपबरोबर पाण्याची बाटलीही आपलीच नेते. त्या घरात पाहुण्याला पाणी कुणी विचारायचं हेच ठरलेलं नसतं. त्या वाक्यावर सतरा पत्रं आली. बिल्डर आणि सोसायट्यांच्या तक्रारी म्हणून या वेळी बाजूला ठेवल्या आहेत. सतरांपैकी चार पत्रं घेते. पहिलं मोठं आहे, आणि बाकीच्यांच्या बऱ्याच शंका त्याच्या उत्तरात येऊन जातात.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, कोथरूडला वनाजजवळ राहते. आमचा टू बीएचके फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, २००९ मध्ये ३८ लाखांना घेतला. इमारत १९९८ची, आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. कर्ज ३० लाखांचं होतं, वरचे ८ लाख दोघांनी उभे केले. त्यात माझे अकरा तोळे लक्ष्मी रस्त्यावर मोडून आलेले १ लाख ६५ हजार होते. जून २०२१ मध्ये माझे यजमान घर सोडून गेले, तेव्हापासून हप्ते मी एकटी भरते. तेव्हा १९ लाख बाकी होते, आता ११ आहेत. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा, घर मी ठेवायचं आणि त्यांचा अर्धा हिस्सा पैशांत द्यायचा, इथपर्यंत एकमत आहे. किमतीवर गाडी अडली आहे. त्यांचा एजंट १ कोटी १५ लाख म्हणतो. इंटरनेटवर १ कोटी ४ लाख दिसतात. २०२१ च्या सुरुवातीला बँकेने केलेल्या रिपोर्टात ८० लाख आहेत आणि रेडी रेकनरने त्याहूनही कमी येते. आमच्याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा एवढाच फ्लॅट पाच महिन्यांपूर्वी ९८ लाखांना गेला. हे म्हणतात आजची किंमत धरा, मी म्हणते तुम्ही गेलात त्या दिवसाची धरा. आणि माझ्या सोन्याचं काय? आजच्या भावाने ते दहा लाखांच्या वर जातं.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही पत्रात चार आकडे मांडून शेवटी जाता जाता पाचवा लिहिलात, आणि कामाचा तोच आहे. पहिल्या मजल्याचे ९८ लाख. त्याच्याकडे येते, आधी बाकीच्या चौघांची ओळख करून घेऊ.

एजंटचे १ कोटी १५ लाख ही मागायची किंमत आहे. ती सांगायला त्याला काही पडत नाही, उलट उद्या घर विकायचं ठरलं तर काम आपल्याला मिळावं म्हणून तो आकडा चढाच सांगणार. इंटरनेटवरचे १ कोटी ४ लाख हे अशाच मागितलेल्या किमतींची सरासरी. त्या यंत्राला तुमचे तीन जिने चढावे लागत नाहीत.

बँकेच्या रिपोर्टाची गंमत वेगळी. तो काढून नीट बघा. शेवटच्या पानावर बहुधा तीन रकमा असतील : बाजारमूल्य, विकायला काढल्यावर हाती येईल ती रक्कम, आणि कर्ज बुडालं तर घाईने विकून येईल ती. ८० लाख यातली कुठली हे तुम्ही लिहिलेलं नाही. एका प्रकरणात नवऱ्याच्या वकिलांनी पहिल्या रकमेवर बोट ठेवलं होतं आणि बायकोच्या वकिलांनी तिसऱ्या. रिपोर्ट एकच, सही एकच, आणि ती सही माझी. दोघंही माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हीच लिहिलंय ना! शिवाय बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत काढणारा, आपलं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघायला आलेला असतो, त्यामुळे हात राखून लिहितो. त्यात तुमचा रिपोर्ट २०२१चा, म्हणजे तो बाद.

रेडी रेकनर म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता. मुद्रांक शुल्क बुडू नये म्हणून सरकारने विभागवार लावलेला दर. तो चौरस मीटरला असतो आणि एका विभागातल्या सगळ्या घरांना सारखा लागतो, मग तुमच्या खिडकीतून टेकडी दिसो नाहीतर शेजारच्या इमारतीचा ड्रेनेजचा पाइप. तो कोणी तुमच्या घरात येऊन काढलेला नाही. त्याचं काम पुढे येणार आहे, पण वाटणीसाठी तो आधार धरू नका. घर ठेवणाऱ्याला तो फार गोड लागतो, म्हणून आधीच सांगते.

आता ९८ लाख. घराची किंमत काढायच्या मुख्य रीती तीन. आसपासच्या झालेल्या व्यवहारांशी तुलना करणं, जमीन आणि बांधकामाची वेगवेगळी बेरीज करणं, आणि भाड्यावरून उलटं मोजणं. फ्लॅटला पहिली रीत सर्वांत बरी, कारण तुमच्या वाट्याची जमीन काही तुम्हाला वेगळी विकता येत नाही. व्यवहार शोधायला एजंट लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, शोधता येतो. त्यात प्रत्यक्ष दिलेला मोबदला आणि सरकारी बाजारभाव असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. तुमच्या इमारतीतले आणि मागच्यापुढच्या दोन गल्ल्यांतले गेल्या वर्षभरातले चार-पाच व्यवहार काढा. भावाने भावाला किंवा सासऱ्याने जावयाला विकलेलं घर असेल तर ते सोडून द्या, नात्यातल्या किमतीवर बाजार चालत नाही. कुणी फर्निचरसकट विकलं असेल तर तेही ध्यानात घ्या.

समजा, पहिल्या मजल्याचा व्यवहार सरळ आहे. तुमचा फ्लॅट तेवढाच, पण तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. साठीच्या पुढचं गिऱ्हाईक तुमच्याकडे फिरकणार नाही, आणि कोथरूडमध्ये गिऱ्हाईक बऱ्याचदा साठीच्या पुढचंच असतं. मी घर न बघता सांगते आहे, पण एवढ्यासाठी मी चार ते पाच टक्के उतरवीन. म्हणजे ९३ ते ९४ लाख. त्या फ्लॅटला झाकलेलं पार्किंग असेल आणि तुम्हाला नसेल तर आणखी थोडे कमी. ताळा म्हणून भाडं बघा. असा फ्लॅट महिना २४-२५ हजारांना जात असेल, तर वर्षाचे तीन लाखांच्या आसपास, म्हणजे ९४ लाखांवर तीन टक्क्यांच्या थोडं वर. पुण्यात राहत्या घराला माझ्या अनुभवात एवढंच सुटतं, म्हणजे आकडा फार चुकलेला नाही. इमारत जुनी म्हणून यातून पुन्हा घसारा मात्र वजा करू नका. ती चूक मी फार पाहते. पहिल्या मजल्याचं गिऱ्हाईक डोळे मिटून आलेलं नव्हतं, इमारतीचं वय त्या ९८ लाखांत आलेलंच आहे. घसारा लागतो तो जमीन-बांधकामाच्या रीतीत. तिथे आरसीसी बांधकामाचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात.

क्षेत्रफळ मात्र मोजून घ्या, कागदावर विसंबू नका. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतल्या, क्षेत्रफळावर घर विकायला लावणारा रेरा कायदा २०१७ मध्ये लागू झाला, तुमचा करारनामा २००९चा. त्यात बहुतेक ‘सेलेबल’ चौरस फूट असणार, म्हणजे जिना, लॉबी, कधीकधी हवासुद्धा. पहिल्या मजल्याच्या इंडेक्सवर कार्पेट आणि तुमच्या कागदावर सेलेबल असेल, तर त्या तुलनेला अर्थ नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावायची, दोघांच्या समोर.

दोघांच्या समोर म्हणताना मला बिबवेवाडीचं एक घर आठवतं. माझा मदतनीस आला नव्हता, म्हणून टेपचं टोक नवऱ्याने धरलं आणि आकडे बायकोने लिहून घेतले. बेडरूमला त्याने ११ फूट ४ इंच सांगितलं. ती म्हणाली, ११-२. तो म्हणाला, मला दिसतंय ना इथे. ती म्हणाली, कपाट करून घेतलं तेव्हा सुताराने ११-२ लिहिलं होतं, वही आहे माझ्याकडे. पुन्हा मोजलं. ११-२ निघालं, टेप मध्येच पलंगाला अडून वर उचलली गेली होती. दोन इंचांनी पैशांत काही मोठा फरक पडत नव्हता. पण त्या वहीनंतर त्याने एकाही मापावर हरकत घेतली नाही. म्हणून तुम्हालाही सांगते, दोघांनी मिळून एकच नोंदणीकृत व्हॅल्युअर नेमा. संपत्ती कर गेला, पण १९५७च्या त्या कायद्याखाली नोंदलेले व्हॅल्युअर राहिले, तसा बघा. पत्र दोघांच्या सहीचं, फी निम्मी-निम्मी, पाहणीला दोघं हजर. प्रत्येकाने आपापला रिपोर्ट आणायचा आणि मधली रक्कम घ्यायची ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. तिच्यात जो जास्त ताणतो तोच जिंकतो.

तारखेचं सांगते, आणि तुम्हाला आवडणार नाही. परस्पर संमतीत तारीख दोघांनी ठरवायची असते, कायद्याने ठरवून दिलेली नाही. पण तुम्ही मला पंच नेमलंत तर मी आजची धरीन. ते घरातून गेले, करारनाम्यावरून गेलेले नाहीत. या काळात कोथरूडचे भाव पडले असते तर तुम्हीच म्हणाला असतात की आजची धरा. ते जून २०२१ मध्ये गेले आणि वनाजची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, हे खरं. ती वाढ तुमच्या कष्टाने झाली नाही, तशी त्यांच्याही नाही. मालक दोघं, म्हणून वाढ दोघांची. (तीच मेट्रो आता तुम्हाला वनाजहून थेट सिव्हिल कोर्टाला, म्हणजे शिवाजीनगरच्या न्यायालयाजवळ सोडते. उपयोग झालाच.)

तुमच्या कष्टाचं आहे ते हप्त्यांत. तो हिशेब असा मांडा. किंमत ९४ लाख धरली, कर्जाची बाकी ११ लाख, राहिले ८३ लाख. निम्मे झाले साडेएक्केचाळीस. जून २०२१ पासून तुम्ही एकटीने मुद्दल फेडलं ८ लाख. त्यातलं निम्मं, म्हणजे ४ लाख, त्यांच्या वाट्याचं तुम्ही भरलंत. ते वजा केले की त्यांना देणं साडेसदतीस लाख. तुम्ही भरलेलं व्याजही मागाल, तर ते म्हणतील, तू अख्ख्या घरात राहिलीस, माझ्या निम्म्याचं भाडं दे. हे म्हणणं चुकीचं नाही. व्याज आणि भाडं एकमेकांत वळतं करा आणि तो विषय तिथेच सोडा. एजंटची दलालीसुद्धा यातून कापू नका, घर विकलं जात नसताना दलाली कसली?

सोनं. दोघांच्या नावावर घर असेल आणि कुणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, याचं कलम ४५ हिस्से समान धरतं. पुरावा असेल तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात. मोडीची पावती आहे का? असली तरी हिशेब आजच्या सोन्याच्या भावाने होणार नाही. ज्या दिवशी ते अकरा तोळे मोडले त्या दिवशी ते सोनं संपलं आणि घर झालं. ३८ लाखांतले १ लाख ६५ हजार म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या किंचित वर. ९४ लाखांवर ते चार लाखांच्या थोडं वर जातं. दहा लाख नाहीत, पण १ लाख ६५ हजारही नाहीत. मात्र ही पेटी उघडलीत की २००९ ते २०२१ चे हप्ते कुणाच्या खात्यातून गेले ही दुसरी पेटी ते उघडतील. तिच्यात काय आहे हे तुम्हालाच ठाऊक. निम्मं-निम्मं कबूल असेल तर सोन्याचे चार लाख घासाघीस करताना हाताशी ठेवा, हिशेबाच्या कागदावर मांडू नका. स्त्रीधन म्हणून वेगळा दावा करायचा असेल तर तो वकिलांशी बोला, तो घराच्या किमतीत मिसळू नका.

सतरांतल्या तिघांनी एक युक्ती सुचवली आहे, जुन्या वाटण्यांतली. एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने उचलायचा. म्हणजे एकाने किंमत सांगायची आणि त्या किमतीला घ्यायचं की द्यायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. भावाभावांत ती छान चालते. नवरा-बायकोंत मी ती फसलेली जास्त पाहिली आहे, कारण दोघांच्या खिशात सारखे पैसे नसतात. समोरच्याला कर्ज मिळणारच नाही हे माहीत असलं की कितीही पडकी किंमत सांगता येते.

आणि रेडी रेकनर लागतो तो इथे. साडेसदतीस लाख देऊन तुम्ही त्यांचा हिस्सा घेता, तर ते बक्षीसपत्र होत नाही. नवरा-बायको असताना बक्षीसपत्राला मुद्रांक नाममात्र आहे, म्हणून बक्षीसपत्र करा आणि पैसे मागाहून वेगळे द्या, असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. विकत घेतलेल्या घरातला हिस्सा मोबदला घेऊन सोडला तर मुद्रांक खरेदीखतासारखा लागतो, आणि तो ठरलेली रक्कम आणि रेडी रेकनर यांतल्या जास्त आकड्यावर. बाईच्या नावाने एक टक्का सवलत आहे. हे सगळं तडजोडीच्या अटींत घालून न्यायालयाच्या हुकूमनाम्यात आणलं तर काय फरक पडतो, ते अर्ज करायच्या आधी वकिलांना विचारा, नंतर नाही. आणि बँकेला विसरू नका. तुमच्या यजमानांनी हक्क सोडला म्हणून ते कर्जातून सुटत नाहीत. कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर झालं तरच ते सुटतात, आणि तुमच्या एकटीच्या पगारावर बँक किती देते हे किमतीवर भांडायच्या आधी विचारून या.

सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. १९९८ ची इमारत कोथरूडमध्ये आहे, म्हणजे असणारच. नुसती चर्चा असेल तर तिला किंमत धरू नका. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या सूचनांप्रमाणे सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, बिल्डरची निवड, आणि मग नोंदणी केलेला करार. यातली शेवटची पायरी झाली नसेल तोवर जादा चौरस फूट कागदावरच असतात. पण तुमचे यजमान यावर अडून बसले असतील तर अटींत एक कलम घाला. तीन वर्षांत विकास करार नोंदला गेला, तर जादा क्षेत्रफळाच्या त्या वेळच्या किमतीतला अमुक हिस्सा त्यांना. कात्रजच्या एका जोडप्याने असं कलम घातलं होतं. तीन वर्षं उलटली, त्या सोसायटीत अजून सल्लागाराच्या फीवरून वाद चालू आहे.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा निवृत्त माणूस. सहकारनगरचा बंगला मी १९८७ मध्ये स्वतःच्या पैशांनी बांधला, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मुलाचा घटस्फोट चालू आहे. सून अजून इथेच राहते. तिच्या वकिलांनी बंगल्याची किंमत काढून निम्मी मागितली आहे. मुलाने २०१४ मध्ये वरच्या मजल्यावर १४ लाख खर्च केले होते. बंगला मुलीच्या नावावर करून टाकावा का?
— एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : आपण घाईने काही करू नका. खटला चालू असताना केलेलं बक्षीसपत्र न्यायाधीशांना लगेच दिसतं, आणि त्यामागचा हेतूही.

बंगला आपला आहे. त्यात मुलाचा हिस्सा नाही, म्हणून सुनेचा मालकी हिस्साही नाही. पण राहण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५, यात सामायिक निवासाचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात म्हटलं आहे की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक निवास ठरू शकतं. त्याच कायद्यात तशाच दर्जाची दुसरी जागा देण्याची किंवा तिचं भाडं देण्याचीही सोय आहे. म्हणजे आपल्या प्रकरणात बंगल्याची किंमत काढायला व्हॅल्युअर लागतच नाही. लागेल तो आकडा वेगळा : सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती भागात दोन खोल्यांच्या नीटस घराला महिना काय भाडं पडतं? तो काढून वकिलांना द्या, बोलणी लवकर पुढे सरकतील.

मुलाच्या १४ लाखांचं म्हणाल, तर बंगल्याची किंमत मुख्यतः जमिनीत असते आणि त्या १४ लाखांनी जमीन एक इंचही वाढली नाही. मात्र त्यासाठी काढलेल्या कर्जात सून सहकर्जदार होती का, ते तपासा. असेल तर तिने भरलेल्या हप्त्यांचा हिशेब चोख ठेवा. तो तिला मिळायला हवा असं माझं मत आहे, कायदा काहीही म्हणो.

प्रश्न : वाकडचा फ्लॅट २०१६ मध्ये ६२ लाखांना घेतला. नाव माझं, कर्ज माझं, हप्ते माझ्या पगारातून. पत्नी शिक्षिका आहे, ती निम्मा मागते. भारतात असा कायदाच नाही, मग किंमत काढायचीच कशाला? शिवाय सदाशिव पेठेतल्या वाड्यात माझा सहावा हिस्सा आहे, तिथे सात भाडेकरू आहेत. तो दाखवावा लागतो का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : कायदा नाही, हे बरोबर. गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता दोघांची धरतात, आपल्याकडे ज्याचं नाव त्याची मालकी. तरी किंमत लागते. पोटगीच्या अर्जात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. तिथे २०१६ चे ६२ लाख लिहून मोकळे होऊ नका. समोरचे वकील तुमच्याच इमारतीतला ताजा इंडेक्स टू काढून पुढे ठेवतील, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल. वाद वाढला तर न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली कमिशनर नेमून बाजारभाव काढून घेऊ शकतं. तो तुमच्या घरी येईल आणि त्याची फी बहुधा तुमच्याच डोक्यावर बसेल.

‘हप्ते माझे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी एक वही मागते. किराणा, वीज, गॅस, मुलाची फी, मोलकरीण हे कुणाच्या पगारातून जात होतं? तिचा पगार तिकडे गेला म्हणून तुमचा हप्त्यात जाऊ शकला. मालकी त्याने बदलत नाही, पण कायमच्या पोटगीची रक्कम ठरताना हे बोललं जातं, आणि जायलाच हवं.

वाडाही दाखवा. त्यात तिचा हिस्सा नाही, पण तुमची ऐपत मोजताना तो धरतात. फक्त मोकळ्या जागेच्या दराने किंमत लावून घाबरून जाऊ नका. भाडेनियंत्रण कायद्यातले सात भाडेकरू बसलेल्या वाड्याला मोकळ्या वाड्याची किंमत कुणी देत नाही, त्यात सहावा हिस्सा म्हटला की गिऱ्हाईक आणखी कमी. व्हॅल्युअरला भाडेपावत्यांच्या झेरॉक्स आणि मालमत्ता पत्रक द्या, आणि कुठली खोली कुणाकडे आहे त्याचा हाताने काढलेला नकाशा द्या.

प्रश्न : आम्ही दोघं मिळून लिहितोय. कर्वेनगरच्या फ्लॅटची किंमत ठरली, कोण ठेवणार तेही ठरलं, भांडण नाही. दोनच गोष्टी अडल्या आहेत. २०१९ मध्ये केलेलं ७ लाखांचं मॉड्युलर किचन, आणि हॉलमधला सागवानी झोपाळा, जो हिच्या माहेरून आला आहे. घर मी ठेवतोय. हे किमतीत धरायचं का?
— दोघं, कर्वेनगर

उत्तर : ओट्याखालची कपाटं, चिमणी, ट्रॉल्या हे सगळं भिंतीला ठोकलेलं असतं, म्हणून घराबरोबर मोजतात. पण ७ लाखांचे ७ लाख धरून नाही. नवं गिऱ्हाईक पहिल्या महिन्यात ते तोडून आपल्या पसंतीचं करतं, हे मी इतकी वर्षं बघते आहे. एवढ्या वर्षांच्या वापरानंतर मी दीड-दोन लाखांपलीकडे जाणार नाही. तुम्ही ठरवलेली किंमत इमारतीतल्या दुसऱ्या सजवलेल्या फ्लॅटवरून काढली असेल तर तेवढेही धरू नका, ते आधीच आत आलेले आहेत.

झोपाळा सामान आहे. तो त्यांच्या माहेरचा, त्यांनी न्यावा. स्लॅबमधल्या कड्या मात्र घराच्या. त्या काढायला कुणाला छिन्नी-हातोडा लावू देऊ नका, त्या स्लॅबच्या सळईला अडकवलेल्या असतात आणि खालच्या प्लास्टरचं वाटोळं होतं. नेताना साखळ्यांसकट न्या. पितळी साखळ्या असतील तर त्यांचा हिशेब वेगळा करायचा का, हेही तुम्ही विचारणार हे मला दिसतंय. करू नका.